शेतात आरसी (रिमोटवर उडणाऱ्या छोट्या) विमानासाठी गवताचा रनवे करायचाय? आधी जमीन, मग गवत

रनवे करायचा म्हटलं की लोकं आधी गवताचं बी शोधत बसतात. खरं काम खालच्या जमिनीचं आहे. विमानाचं चाक असतं दोन-अडीच इंचाचं, त्याला एक इंचाचा खड्डा म्हणजे नाक जमिनीत आणि प्रोपेलरचे तुकडे. वर लॉन कितीही भारी असू दे.

जागा किती लागते? मीटर-सव्वा मीटर पंखांच्या इलेक्ट्रिक ट्रेनरला (शिकाऊ विमानाला) 150 फूट बाय 30 फूट आरामात पुरतं, म्हणजे साधारण चार गुंठे. मोठं पेट्रोल इंजिनवालं असेल तर लांबी दुप्पट धरा. पण लांबीपेक्षा दोन्ही टोकांना काय आहे ते बघा, विजेच्या तारा, नारळ, बाभळी असतील तर ती जागा सोडूनच द्या. शेजारी उभा ऊस असला तर विमानात बझर (पडल्यावर शोधायला पीं-पीं वाजणारा भोंगा) बसवाच, उसात पडलेलं विमान बझरशिवाय सापडणं म्हणजे तोडणीची वाट बघणं.

दिशा वाऱ्यावर ठरते. आपल्याकडे देशावर पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून आणि थंडीत बहुतेक पूर्वेच्या अंगाने, म्हणून पूर्व-पश्चिम पट्टा ठेवला की दोन्हीकडून भागतं. आणि तुम्ही उभं राहायचं दक्षिण बाजूला, तोंड उत्तरेकडे, म्हणजे वर्षातला बराच काळ ऊन पाठीवर राहतं. भल्या सकाळी आणि संध्याकाळी टोकाला ऊन डोळ्यात येणारच, त्याला इलाज नाही.

जमीन माळरानाची, मुरमाड असेल तर नशीबवान आहात. काळी माती असेल तर उन्हाळ्यात एवढ्या भेगा पडतात की चाकच काय हात जाईल आत, तिथे चार-सहा इंच मुरूम टाकून वर दोन-तीन इंच पोयट्याची माती पसरा, खर्च आहे पण पर्याय नाही. हे सगळं मे महिन्यात उरकायचं. रोटाव्हेटर मारा, दगड वेचा (हे काम संपता संपत नाही), लव्हाळ्याच्या गाठी दिसतील तेवढ्या खणून काढा कारण नंतर तो गवतातून वर येतच राहतो, मग ट्रॅक्टरला फळी लावून सपाट करा. अगदी सपाट नाही हां, मधोमध दोन इंच उंच आणि दोन्ही कडांना उतार, नाहीतर पावसात तळं होतं. उंची बघायला गवंड्याकडची पाण्याची लेव्हल नळी बेस्ट. एक-दोन पाऊस पडू द्या, माती कुठे बसते ते आपोआप दिसतं, तिथे भर टाका.

आता रोलर. 200 लिटरचा लोखंडी ड्रम, मधून पाईपचा दांडा, आत पाणी भरलं की दोनशे किलोच्या वर वजन, दोघं ओढतात. पण फिरवायचा तो वाफशावरच. ओल्या चिखलात फिरवला तर माती दगडासारखी बसते आणि मुळं जात नाहीत, कोरड्यात फिरवून तर काही फरकच पडत नाही.

गवत कोणतं, तर हरळी. हो, तीच, जी काढता काढता बापजाद्यांच्या कमरा मोडल्या. घरचे हसतील, हसू द्या. विकतच्या जाड पानाच्या लॉनला पाणी आणि लाड दोन्ही लागतात, हरळी चाकाखाली, पायाखाली तुडवली तरी परत उठते. बांधावरून उपटून आणा, दोन-तीन डोळ्यांच्या कांड्या करा आणि जूनच्या शेवटी किंवा जुलैत वीतभर अंतरावर लावा. कच्चं शेणखत टाकू नका, त्यातून गाजरगवत आणि काय काय उगवतं. पाऊस नीट झाला तर दसरा-दिवाळीपर्यंत पट्टा झाकला जातो, आणि उडवायला छान शांत हवाही तेव्हाच सुरू होते.

कापताना एकदम बुडख्यापासून कापू नका, दरवेळी वरचा एक तृतीयांश, असं करत इंचभरावर आणा. ब्रशकटरने चालतं पण वरखाली होतं, मॉवर मिळाला तर उत्तम. पावसाळ्यात आठवड्याला एकदा कापावंच लागतं, थंडीत तेवढं नाही. उन्हाळ्यात पिवळी पडली तर घाबरू नका, हरळी अशी मरत नाही, पाऊस आला की हिरवी.

तपासायला सोपी युक्ती, पट्ट्यावरून सायकल जोरात चालवा, जिथे हादरा बसला तिथे खूण करा आणि चाळलेली माती भरा. तरी अडखळत असेल तर विमानालाच मोठी चाकं लावा, चारपाचशे रुपयांत काम होतं.

आणि हे सगळं करायच्या आधी डिजिटल स्कायचा (ड्रोनसाठीची सरकारी वेबसाइट) नकाशा उघडून आपलं शेत कुठल्या झोनमध्ये येतं ते बघा. 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे (आरसी विमानंही त्यात येतात) ग्रीन झोनमध्ये 400 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात मात्र 200 फूटच. रेड झोन (केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवायला बंदी) निघाला तर मुरमाचा ट्रक मागवूच नका.

उडवायच्या दिवशी एक फेरी चालत मारायची. उंदरांची बिळं, सराटे, गुरांच्या खुरांचे खड्डे, सगळं तेव्हाच दिसतं. गुरं येऊ नयेत म्हणून काटेरी तार रनवेच्या कडेला ठोकू नका, कुंपण लांब बांधावर करा.