बाळ येण्याआधी फ्रीलान्स वेब डिझायनरने करून ठेवायची तयारी

सातवा महिना लागला की कामाची आवराआवर सुरू करा. नवव्या महिन्यावर ढकलू नका, बाळं तारखेआधीही येतात. आधी सगळ्या क्लायंटच्या साइट एका जागी लिहून काढा: डोमेन म्हणजे साइटचा पत्ता कुठून घेतलाय, कधी संपतोय, होस्टिंग म्हणजे साइट ठेवायची जागा कोणाची, पैसे कोणाच्या कार्डावरून जातात. पुढच्या सहा महिन्यांत संपणारी डोमेन आत्ताच रिन्यू करा. साइट सुरक्षित उघडावी म्हणून लावलेलं लेट्स एन्क्रिप्टचं मोफत सर्टिफिकेट फार तर ९० दिवस चालतं, तेव्हा ते आपोआप रिन्यू होतंय ना, हे स्वतः बघा. आणि बॅकअप घेतलाय एवढ्यावर समाधान मानू नका. तो दुसरीकडे चढवून साइट खरंच उभी राहते का ते पाहा. मी पाहिलं नव्हतं. बाळ अकरा दिवसांचं असताना एक साइट पडली आणि बॅकअपमध्ये नुसते फोटो निघाले, डेटाबेस, म्हणजे साइटचा सगळा मजकूर, नव्हताच. बाळाला मांडीवर घेऊन एका हाताने पानं पुन्हा जुळवलेली ती रात्र मी विसरलेले नाही.

क्लायंटना निदान दोन महिने आधी कळवा, आणि मोघम बोलू नका. अमुक तारखेपासून बारा आठवडे नवं काम घेणार नाही, साइट बंद पडली तर अमक्यांशी बोला, असं स्पष्ट लिहा. ते अमके म्हणजे तुमच्या भरवशाचा एखादा डेव्हलपर. त्याला तुमचा पासवर्ड देऊ नका, स्वतंत्र लॉगिन काढून द्या, नाहीतर ओटीपी तुमच्या फोनवर येईल आणि तुम्ही झोपलेल्या असाल. तातडीचं कशाला म्हणायचं हेही आत्ताच ठरवा. साइट उघडत नाही, पेमेंट होत नाही, फॉर्म पोचत नाही, ही तातडी. बॅनरचा रंग थांबू शकतो. जुनी बिलं वसूल करा, चार-सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढा.

आता वेळेचं. नवजात बाळ दिवसाचे १४ ते १७ तास झोपतं हे वाचून मी खूश झाले होते. पण ते तास सलग नसतात. २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं, मग ढेकर, मग लंगोट. हातात उरतात ते तुकडे, आणि तुकडा वीस मिनिटांचा आहे की दीड तासाचा हे आधी कळत नाही. म्हणून मध्येच सोडता येईल असं काम करायची सवय आत्तापासून लावा. अख्खं पान घेऊन बसू नका, एक बटण घ्या, एक फॉर्म घ्या. उठण्याआधी फाइलमध्येच एक ओळ लिहा. माझ्या एका फाइलमध्ये अजून आहे: ‘मेनू उघडा असताना मागचं पान सरकतंय, ते थांबवायचं, मग फूटर.’ तीन दिवसांनी परत बसले तेव्हा त्या एका ओळीवर काम लगेच पुढे सरकलं.

डोकं लागणारं काम, म्हणजे लेआउट, नवा कोड, क्लायंटचा कॉल, हे बाळ दुसऱ्या कोणाकडे असतानाच. रोजचे दोन तास बाळाला कोण घेणार हे घरात नीट बसून ठरवा, गृहीत धरू नका. काढून ठेवलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या तापमानाला ४ तास आणि फ्रिजमध्ये ४ दिवस टिकतं, तेव्हा कॉलच्या वेळा त्यावर बेता. फोटो लहान करणं, बिलं पाठवणं ही कामं बाळाच्या झोपेसाठी ठेवा. फोनवर साइट तपासायची तर बाळ खांद्यावर झोपलेलं असताना. डाव्या कोपऱ्यातलं मेनूचं बटण उजव्या अंगठ्याला पोचत नाही, हे मला तेव्हाच कळलं.

ही घडी कायम राहील असं धरू नका. चौथ्या महिन्याच्या आसपास बऱ्याच बाळांची झोप बिघडते. पुढे बाळ रांगायला लागतं, मग टेबलाखालच्या सगळ्या वायरी त्याच्या. आठव्या-नवव्या महिन्यात तुम्ही नुसत्या खोलीबाहेर गेलात तरी रडू फुटतं. त्या काळात क्लायंटला काम पूर्ण करून द्यायची तारीख नेहमीपेक्षा दुप्पट लांबची द्या. लसीच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी काहीच ठेवू नका, ताप येऊ शकतो.

आणि डॉक्टरांचा नंबर जोडीदाराकडेही असू द्या, तुमच्यासाठी. बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाच रडू येतं, ते बऱ्याच जणींना होतं. दोन आठवड्यांनंतरही मन उदासच राहिलं तर काम, क्लायंट सगळं बाजूला ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.

हॉस्पिटलची बॅग भरताना फोनचा चार्जर घ्या, लॅपटॉप घरीच ठेवा. निघण्याआधी ईमेलचा ऑटो-रिप्लाय चालू करा. त्यात परतण्याची तारीख आणि त्या डेव्हलपरचा नंबर हवा.