नॉकआउट उंदरांचं वर्तन तपासताय? या चुका टाळा

प्रोजेक्टला येणाऱ्या दर दुसऱ्या मुलाला वाटतं, वर्तन म्हणजे सगळ्यात सोपं काम. ना पीसीआर बिघडायची भीती, ना अँटीबॉडीचा खर्च. उंदीर खोक्यात सोडायचा, वर कॅमेरा लावायचा, दहा मिनिटांनी उचलायचा. मग तीन महिन्यांनी तोच मुलगा लांब चेहरा करून येतो, "मॅडम, आधीच्या बॅचमध्ये फरक होता, आता गायब झालाय."

गायब झालेला नसतो. बहुतेक वेळा तो मुळात नसतोच.

आमच्याकडे फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक आजाराचे उंदीर आहेत, म्हणजे एफएमआर१ जनुक बंद पाडलेले. असं जनुक बंद पाडलेला उंदीर म्हणजेच नॉकआउट. हे मॉडेल १९९४ पासून वापरात आहे, त्यामुळे त्यात करण्यासारख्या चुकाही करून झाल्यात. पहिली मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिच्यावर राग जरा जास्त.

विद्यार्थी असताना मला घाई होती. नॉकआउट नर बारा होते, पण तुलनेला साधे उंदीर कमी. मग ब्लॅक सिक्स या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या वाणाचे बारा नर विकत आणले. वय तेच, रंग तोच, दिसायलाही डिट्टो. ओपन फील्डमध्ये, म्हणजे वरून उघड्या मोठ्या खोक्यात, माझे नॉकआउट मध्यभागी जाईचनात, भिंतीला चिकटून फिरायचे, म्हणजे घाबरट वाटायचे. पोस्टर छापलं. पोस्टरसमोर एक वयस्कर बाई उभ्या राहिल्या, आलेखाकडे ढुंकूनही न बघता विचारलं, "भावंडं होती का?"

नव्हती. माझे नॉकआउट होते ब्लॅक सिक्सच्या 'जे' (J) उपवाणाचे, विकत आणलेले 'एन' (N) उपवाणाचे. नावात एका अक्षराचा फरक, पण 'एन' उपवाणात डोळ्याच्या पडद्याचा दोष आणणारं एक म्युटेशन असतं, ते 'जे' उपवाणात नसतं. शिवाय एक गट आमच्याच अ‍ॅनिमल हाऊसमध्ये जन्मलेला, दुसरा ट्रकमधून आलेला. मी जनुक मोजत नव्हते, माहेर मोजत होते. पुढे भावंडांवर सगळं पुन्हा केलं. भिंतीला चिकटणं गेलं, उरला तो फक्त जास्तीचा चळवळेपणा.

भावंडं मिळवायला वेळ लागतो, हे मान्य. जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, म्हणून एक प्रत बिघडलेली मादी आणि साधा नर यांची जोडी लावायची. वेतातली साधारण पाव पिल्लं नॉकआउट नर, पाव साधे नर. वेत सहा-आठ पिल्लांचं धरलं तर प्रत्येकी एखाद-दोन. बारा-बारा हवे असतील तर आठ-दहा वेतं लागतील. वीस दिवस गाभणपण, वर आठ आठवडे वाढ. "काही शॉर्टकट?" नाही. आणि दोनच वेतांतून दहा नॉकआउट निघाले म्हणून उड्या मारू नका. एकाच आईने चाटून वाढवलेली पिल्लं एकमेकांसारखीच वागतात, ते दहा नमुने नव्हेत. मी वहीत पहिला रकाना आईच्या नंबरचा ठेवते, जीनोटाइपचा (नॉकआउट की साधा, याचा) नाही. जीनोटाइपची यादी तर मोजणी संपेपर्यंत दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये असते, म्हणजे मोजताना कोण कुठला ते मला कळत नाही.

दुसरी चूक हातांची. शेपटीला धरून उचललेला उंदीर जवळून बघा: चारी पाय हवेत ताणलेले, कान मागे, आणि खाली सोडताच दोन लेंड्या. आता याची "चिंता" मोजणार? नळीतून किंवा ओंजळीतून उचललं तर उंदीर कमी घाबरतो, हे २०१० मध्ये नीट दाखवून झालंय. तरी लोक शेपटीच धरतात, कारण नळीला चार सेकंद जास्त लागतात. मी चाचणीआधी आठवडाभर रोज दोन मिनिटं प्रत्येकाला ओंजळीत घेते. या कामाला सगळे नाक मुरडतात.

माणूस बदलला तरी आकडे बदलतात. मॉन्ट्रियलच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की पुरुष जवळ असला, नुसता त्याचा घातलेला टी-शर्ट ठेवला तरी, उंदरांवर ताण येतो. त्याआधी १९९९ मध्ये पोर्टलंड, एडमंटन आणि ऑल्बनी इथल्या तीन प्रयोगशाळांनी तेच वाण, तीच उपकरणं, तोच क्रम ठेवून चाचण्या घेतल्या, तरी काही निकाल जुळले नाहीत. म्हणून बॅच सुरू केली त्यानेच संपवायची. मधेच "आज माझा मित्र करेल" चालणार नाही. अत्तर, डिओ, खिशातला फोन, सगळं दाराबाहेर.

बाकीच्या चुका भराभर.

एफव्हीबी वाणाचे उंदीर दूध तुटेपर्यंत जवळपास आंधळे झालेले असतात. त्यांना पाण्याच्या चक्रव्यूहात (खुणा बघून पोहत वाट शोधायची चाचणी) सोडून "स्मृती कमी" लिहू नका.

प्लस मेझ, म्हणजे दोन उघड्या आणि दोन बंद फांद्यांचा उंचावरचा अधिक-चिन्हासारखा मंच, एका उंदरावर एकदाच. दुसऱ्या वेळी तो उघड्या फांद्यांवर जायचं टाळतो, चिंता कमी करणारं औषध दिलं असो वा नसो.

एफएमआर१ नॉकआउट जास्त धावतात. मध्यभागी जास्त वेळा गेले म्हणून त्यांना निडर म्हणू नका, आधी एकूण अंतर बघा.

त्यांची तीन आठवड्यांची पिल्लं मोठ्या आवाजाने सैरावैरा धावत सुटतात आणि त्यांना फिट येऊ शकते. स्टीलचं झाकण हळू ठेवा. दिवाळीत मी चाचण्या लावतच नाही.

एंजेलमन या दुसऱ्या आनुवंशिक आजाराच्या उंदरांवर काम करत असाल तर बिघडलेली प्रत आईकडून यायला हवी. बापाकडची चेतापेशींत तशीही गप्पच असते. जोडी उलटी लावली तर निरोगी उंदरांवरच वर्ष जाईल. एंजेलमनचे उंदीर वजनदारही असतात, तेव्हा रोटारॉडचे (फिरत्या दांड्यावर तोल सांभाळायच्या चाचणीचे) आकडे वजनासोबत बघा.

आणि व्हिडिओत उंदराचा माग काढणाऱ्या सॉफ्टवेअरचा तक्ता आला तरी व्हिडिओ उघडा. गेल्या वर्षी एका मुलाने धावत येऊन सांगितलं, एक नॉकआउट मध्यभागी सलग चार मिनिटं थिजून बसलाय. व्हिडिओ लावला. उंदीर मजेत कोपऱ्यात मिशा साफ करत होता. मध्यभागी होती ती लेंडी.