बांधावरचा वार: खून की सदोष मनुष्यवध, हे कसे तपासावे

तासगाव तालुक्यात बांध कोरल्यावरून भाऊबंदांत जुंपली आणि एकाचा जीव गेला, असे प्रकरण हाती आले की नुसत्या 'रागाच्या भरात' या शब्दांवर बचाव उभा करू नये. भारतीय न्याय संहितेच्या कलम 101 मधील पहिल्या अपवादानुसार प्रक्षोभ, म्हणजे समोरच्याच्या चिथावणीने भडकलेला राग, गंभीर आणि आकस्मिक असावा लागतो आणि आरोपीचा स्वतःवरचा ताबा सुटलेला असतानाच मृत्यू घडलेला असावा लागतो. तरच तो खुनाच्या सदरात न मोडणारा सदोष मनुष्यवध ठरतो. घटना 1 जुलै 2024 पूर्वीची असेल, तर जुन्या दंड संहितेची कलमे 300 व 304 पाहावीत.

आधी वेळेचा हिशेब मांडावा. फिर्याद, जबाब आणि पंचनामा शेजारी ठेवून शिवीगाळ केव्हा झाली, वार केव्हा झाला आणि मधल्या वेळात आरोपी कुठे होता, हे लिहून काढावे. द्राक्षबागेत काम करताना हातात असलेला विळा तिथल्या तिथे चालवणे निराळे आणि वस्तीवर जाऊन कोयता घेऊन परतणे निराळे. दुसऱ्या प्रकारात हा बचाव बहुधा तिथेच कोसळतो. नानावटी खटल्यात पत्नीने मृताशी असलेल्या संबंधांची कबुली दिल्यावर नौदल अधिकारी असलेल्या आरोपीने कुटुंबाला चित्रपटगृहात सोडले, जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतले आणि मग तो मृताच्या घरी गेला. मधल्या सुमारे तीन तासांत राग निवळण्यास अवसर होता, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये खुनाची शिक्षा कायम केली. मात्र त्याच निकालानुसार शब्द आणि हावभावही प्रक्षोभक ठरू शकतात आणि मृताच्या आधीच्या वागण्याने तयार झालेली मनःस्थितीही विचारात घेता येते. म्हणून बांधाचे जुने अर्ज, मोजणीचे कागद जरूर दाखल करावेत. पण तेच कागद सरकार पक्ष पूर्ववैमनस्याचा पुरावा म्हणून वापरील, याची तयारी ठेवावी.

आरोपीने स्वतःच कुरापत काढली असेल, किंवा समोरचा कायद्याचे पालन अथवा स्वसंरक्षण करीत असेल, तर अपवाद मिळत नाही. तो सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. त्यासाठी संभाव्यतेचे पारडे झुकणे, म्हणजे त्याचे म्हणणे अधिक शक्य वाटणे, पुरते, आणि ते सरकारी साक्षीदारांच्या उलटतपासणीतूनही झुकवता येते.

खुनाला फाशी किंवा जन्मठेप आहे. कलम 105 खाली, ठार मारण्याचा किंवा मृत्यू ओढवू शकेल अशी इजा करण्याचा उद्देश असल्यास जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षे कारावास व दंड, आणि कृत्याने मृत्यू ओढवू शकतो याची केवळ जाणीव असल्यास दहा वर्षांपर्यंत कारावास व दंड होतो. दोन्ही बाजूंनी हातघाई झाली असेल, तर अचानक झालेल्या भांडणाचा चौथा अपवादही पर्यायी म्हणून मांडावा.