बेसेग्गेन चढायचा असेल तर आधी बोट पकडा

पुण्याहून कुणी आमच्याकडे ओस्लोला यायचं ठरवलं की मी पहिलं विचारते, गुडघे कसे आहेत? ठीक असतील तर सहलीतले दोन-तीन दिवस योटुनहाइमेनच्या डोंगरांना, तिथल्या बेसेग्गेन या डोंगरधारेला, द्याच.

जायचं जुलै ते सप्टेंबर. जूनमध्ये वर बर्फ असू शकतो. फागरनेस, बाइतोस्टोलेन करत, १,३८९ मीटरवरचं वालद्रेसफ्ल्याचं माळरान ओलांडलं की येन्दे तलाव येतो. मुक्काम येन्देशाइमला करा. १८६८ मध्ये स्थापन झालेल्या नॉर्वेच्या ट्रेकिंग संघाचं हे विश्रामगृह आहे. खोली आणि बोटीचं तिकीट आधीच काढून ठेवा.

आता महत्त्वाचं. सकाळच्या बोटीने तलावाकाठच्याच मेमुरुबू या ठिकाणी जा आणि डोंगरावरून चालत येन्देशाइमला परत या. उलट निघालात तर दिवसभर शेवटच्या बोटीची धास्ती राहते, शिवाय बेसेग्गेनची अरुंद धार उतरावी लागते. मेमुरुबूच्या बाजूने ती चढायची असते, आणि हात टेकवत चढणं केव्हाही बरं. राजगडाचा बालेकिल्ला चढला असाल तर हातापायांना सवय असेल, पण इथे धरायला रेलिंग नाही.

मेमुरुबूहून निघताच खडी चढण लागते. तिथे दम राखून चाला. दगडांवरच्या, वाट दाखवणाऱ्या लाल 'टी' खुणा सोडू नका. धारेच्या पायथ्याशी, बान्देला, जेवायला बसा आणि बाटल्या भरून घ्या. डावीकडे हाताशी निळं बेसवात्ने, १,३७३ मीटरवर. उजवीकडे जवळजवळ चारशे मीटर खाली हिरवागार येन्दे. हिमनद्यांनी दळलेल्या खडकाची पूड पाण्यात तरंगते, त्याचा तो रंग. इथे मी कुणालाच घाई करू देत नाही.

धार संपली तरी चढ उरतोच, वेसलफ्येलेच्या १,७४३ मीटरच्या माथ्यापर्यंत. तिथे वारा फार, विंडचीटर वरच ठेवा. मग लांबलचक उतार. सगळे मिळून सहा ते आठ तास, फोटो काढणाऱ्यांना जास्त. वर ढग किंवा जोराचा वारा दिसला तर मेमुरुबूहूनच तलावाकाठच्या वाटेने परता. वेळीच मागे फिरण्यात कमीपणा नाही, हा इथल्या डोंगरनियमांतलाच एक नियम आहे.

बोटीत बसल्यावर मी पाहुण्यांना येन्दिने नावाच्या मुलीची गोष्ट सांगते. १८७१ मध्ये या तलावाकाठी जन्मली म्हणून तिला तलावाचं नाव. १८९१ मध्ये संगीतकार ग्रीगने तिच्या तोंडून अंगाई ऐकली आणि पुढे ती पियानोसाठी बांधली. फोनवर उतरवून घ्या, तिथेच ऐका.

दुसऱ्या दिवशी पाय दुखणारच, तेव्हा लोम गावाला जा. बाराव्या शतकातलं लाकडी चर्च आहे, डांबर लावून जपलेलं. छतावरची ड्रॅगनची तोंडं बघा, आतही जा. जवळच कुठेतरी ब्रूनोस्ट खा. हे तपकिरी, गोडसर चीज दुधाची निवळी आटवून करतात. इथल्या गुडब्रान्सडाल खोऱ्याचं खास. मुलांना लगेच आवडतं. मोठ्यांनी पहिल्यांदा पातळ काप घ्यावा.