प्रत्येक सिलिंडर वेगळा ट्यून कसा करावा

चार सिलिंडरच्या इंजिनात एक्झॉस्टचे चारही पाइप जिथे एकत्र येतात, तिथे बहुधा एकच लॅम्डा सेन्सर असतो. लॅम्डा म्हणजे हवा-इंधनाचे प्रमाण: 1 म्हणजे इंधन पूर्ण जळायला लागते तेवढीच हवा, त्याहून कमी म्हणजे रिच (इंधन जास्त), त्याहून जास्त म्हणजे लीन (हवा जास्त). पूर्ण थ्रॉटलला सेन्सर 0.86 दाखवतो, आपल्याला हवे असलेले मिश्रणही 0.86 च असते, आणि मॅप (कोणत्या आरपीएम-लोडला किती इंधन, त्याचे टेबल) झाला असे वाटते. पण आत दोन सिलिंडर 0.82 वर, एक 0.86 वर आणि चौथा 0.94 वर चालत असेल, तरी सरासरी 0.86 च येते. त्या चौथ्यात मिश्रण लीन आहे, तापमान चढलेले आहे, आणि पिस्टन गेला तर आधी तोच जाणार. स्टॉक इंजिनात एवढा फरक सहसा खपून जातो. बूस्ट (टर्बोचा दाब) आणि कॉम्प्रेशन वाढवलेल्या इंजिनात मात्र तो खपत नाही.

फरक पडतो कारण हवा चारही नळ्यांतून सारखी जात नाही. मॅनिफोल्डचा (इनटेकच्या नळ्यांच्या जुडग्याचा) आकार, थ्रॉटलपासूनचे अंतर, आरपीएमप्रमाणे बदलणाऱ्या दाबाच्या लहरी, कूलंटचा मार्ग, इंजेक्टरच्या क्षमतेतला लहानसा फरक, हे सगळे मिळून प्रत्येक सिलिंडरला वेगळी परिस्थिती देतात.

आधी इंजिन निरोगी आहे का ते पाहा

ही पायरी वगळून लॅपटॉप उघडू नका. सर्व सिलिंडरची कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन (दाबाने भरलेली हवा किती गळते ती) चाचणी करा. टॅपेटचे क्लिअरन्स तपासा. प्लग एकाच हीट रेंजचे आणि एकाच गॅपचे हवेत. इंजेक्टर बेंचवर लावून प्रत्येकाचा प्रवाह मोजून घ्या. इनटेकला हवेची गळती नको, आणि सेन्सरच्या आधी एक्झॉस्टलाही नको, कारण तिथून आत ओढली जाणारी हवा खोटे लीन दाखवते. प्रत्येक सिलिंडरला वेगळी थ्रॉटल बॉडी असेल, तर आयडलला सर्वांचा हवेचा प्रवाह मीटर लावून सारखा करा. ते न करता इंधनाचे आकडे बदलणे म्हणजे हवेची चूक पेट्रोलने झाकणे.

वरच्या उदाहरणात 0.94 वाल्या सिलिंडरला 0.86 वर आणायचे तर 0.94 भागिले 0.86, म्हणजे सुमारे 9 टक्के इंधन वाढवावे लागेल. एवढा मोठा आकडा दिसला की मी ट्रिम (त्या एका सिलिंडरपुरती दुरुस्ती) भरत नाही, इंजेक्टर काढून पाहतो. 2 ते 5 टक्के ही ट्रिमची जागा आहे. त्याच्या पुढचा फरक मला बिघाडाची खूण वाटतो.

ईसीयू (इंजिनचा संगणक) काय करू शकतो, आणि कोणाला काय म्हणतो

इंधन वेगळे द्यायचे तर इंजेक्शन सीक्वेन्शियल (प्रत्येक इंजेक्टर आपापल्या वेळी उघडणारे) हवे, आणि स्पार्क वेगळा द्यायचा तर प्रत्येक प्लगला स्वतःची कॉइल हवी. वेस्टेड स्पार्कमध्ये दोन सिलिंडरना एकच कॉइल असते, त्यामुळे तिथे टायमिंग सुटे करण्याला मर्यादा येते.

यानंतरची गोष्ट लहान दिसते, पण इंजिन घालवू शकते. बहुतेक इनलाइन-चार इंजिनांचा फायरिंग ऑर्डर (स्पार्कचा क्रम) 1-3-4-2 असतो. काही ईसीयूमध्ये ट्रिमचे रकाने सिलिंडर क्रमांकाप्रमाणे असतात, काहींमध्ये फायरिंग ऑर्डरप्रमाणे. दुसऱ्या पद्धतीत ‘2’ या रकान्यात भरलेले इंधन प्रत्यक्षात तिसऱ्या सिलिंडरला जाते. म्हणून आयडलला एकेक रकान्यात 10 टक्के वाढवा आणि कोणत्या पाइपचे रीडिंग हलते ते लिहून ठेवा. चारही जुळल्याशिवाय लोड देऊ नका.

मोजमाप

सर्वात चांगले म्हणजे प्रत्येक पाइपला वाइडबँड (लॅम्डाचा नेमका आकडा देणारा) सेन्सर. खर्च नको असेल तर प्रत्येक पाइपला बंग (सेन्सर बसवायची आट्यांची कडी) वेल्ड करून घ्या, तीन बंद ठेवा आणि एकच सेन्सर फिरवत तीच चाचणी चार वेळा करा. वेळ जातो, पण माहिती खरी मिळते. टर्बोच्या आधी लावलेला सेन्सर उष्णतेने आणि मागच्या दाबाने चुकतो आणि लवकर खराब होतो, तेव्हा ट्यूनिंग संपले की तो काढून घ्या.

दुसरा मार्ग एक्झॉस्टचे तापमान मोजणाऱ्या के-टाइप थर्मोकपलचा. चारही पोर्टपासून सारख्या अंतरावर आणि पाइपात सारखे खोल बसवा, नाहीतर तुम्ही फक्त बसवण्यातला फरक मोजाल. एक्झॉस्टचे तापमान स्टॉइकिओमेट्रिक (लॅम्डा 1) मिश्रणाच्या आसपास सर्वाधिक असते आणि दोन्ही बाजूंना उतरते. पूर्ण लोडला आपण रिच बाजूला असतो, म्हणून तिथे जास्त गरम सिलिंडर म्हणजे जास्त लीन. पण हे सर्वांचे टायमिंग सारखे असेल तरच खरे, कारण स्पार्क मागे घेतला (उशिरा दिला) तरी तापमान चढते.

आणखी एक सापळा आहे. सिलिंडर मिसफायर करत असेल तर न जळलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत येतो आणि तो लीन दाखवतो. त्यावर इंधन वाढवले की मिसफायर आणखी बिघडतो. म्हणून एकच सिलिंडर अचानक लीन दिसला तर आधी प्लग आणि कॉइल बदलून पाहा.

इंधनाचे ट्रिम

मुख्य मॅप पूर्ण करा, लॅम्डाचे क्लोज्ड लूप (सेन्सर पाहून ईसीयूने स्वतः इंधन बदलणे) बंद करा, कूलंट आणि हवेचे तापमान स्थिर होऊ द्या. डायनोवर (इंजिनची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) एका आरपीएमला आणि एका लोडला इंजिन धरून रीडिंग नोंदवा. मोजलेला लॅम्डा भागिले हवा असलेला लॅम्डा, हा गुणक. हिशेबातली दुरुस्ती एकदम भरू नका, अर्धी भरा, पुन्हा मोजा, मग उरलेली. चारही ट्रिमची बेरीज शून्याजवळ ठेवा, म्हणजे मुख्य मॅप हलत नाही.

मग पुढचा आरपीएम. 3500 ला जो सिलिंडर रिच असतो तो 6500 ला लीन असू शकतो, कारण मॅनिफोल्डमधल्या लहरी बदलतात. म्हणून एकच आकडा पुरत नाही, आरपीएम आणि लोडप्रमाणे टेबल हवे. थर्मोकपलने काम करत असाल तर 20-25 अंशांच्या आतला फरक मी सोडून देतो.

मग टायमिंग

इंधन सारखे झाल्यावरच स्पार्कला हात लावा. नॉकची (मिश्रण आपोआप स्फोटासारखे जळण्याची) मूळ वारंवारता बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या व्यासावर) ठरते: 900 ला पाय (π) आणि बोअरच्या मिलिमीटरमधल्या त्रिज्येच्या गुणाकाराने भागा. 86 मिलिमीटर बोअरला ती सुमारे 6.7 किलोहर्ट्झ येते. नॉक सेन्सरचा फिल्टर तिथे लावा. क्रँकच्या कोनावरून ईसीयू कोणता सिलिंडर नॉक करतोय ते ओळखतो. साबच्या ट्रायॉनिक प्रणालीत तर स्पार्क प्लगमधूनच आयन प्रवाह मोजून प्रत्येक सिलिंडरचा नॉक ओळखला जात असे. मला ती कल्पना आजही सुंदर वाटते.

एकच सिलिंडर नॉक करत असेल तर फक्त त्याचा स्पार्क 1 ते 2 अंश मागे घ्या. बाकी तिघांची ताकद वाया घालवू नका. उलट दिशेला मात्र सावध राहा. एका सिलिंडरला एक अंश पुढे नेल्याने टॉर्क इतका कमी हलतो की तो डायनोच्या नेहमीच्या चढ-उतारात हरवतो. सिलिंडरमधला दाब मोजणारा सेन्सर असेल, तर अर्धे मिश्रण टीडीसीनंतर (पिस्टन सर्वात वर पोहोचल्यानंतर) क्रँकच्या सुमारे 8 अंशांवर जळलेले असावे, हे लक्ष्य धरून पुढे नेता येते. तो सेन्सर नसेल तर एकेका सिलिंडरचा स्पार्क पुढे नेऊच नका.

शेवटची तपासणी

नवे प्लग बसवा, पूर्ण लोडची एक धाव घ्या, तिथेच इग्निशन तोडून इंजिन बंद करा. प्लग काढून क्रमांक लिहून शेजारी शेजारी ठेवा. भिंगातून पोर्सलिन पाहा: ॲल्युमिनियमचे चकाकते ठिपके असतील तर तो सिलिंडर अजून नॉक करतोय. पुढे कधी इंजेक्टर, कॅम किंवा मॅनिफोल्ड बदलला, तर सगळे ट्रिम शून्यावर आणून पुन्हा पहिल्यापासून मोजा.