कठीण वचनं शिकायला बसताय? आधी इब्री सहा उघडा

बायबल क्लासला बसलं की पहिल्याच महिन्यात एक नियम हातात पडतो: कठीण वचनाचा अर्थ स्पष्ट वचनांच्या उजेडात लावावा. नियम जुना आहे, चांगलाही आहे. 1646च्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारात तो लिहिलेला आहे. मला सगळ्यात जास्त गंडवलं ते याच नियमानं. कारण ‘स्पष्ट’ वचन कोणतं, हे कुणी विचारतच नाही. ज्याचं त्याचं स्पष्ट वचन वेगळं असतं, आणि ते एकदा निवडलं की कठीण वचनाचा निकाल तिथेच लागून जातो. पुढची चर्चा उगाच तासभर चालते.

नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रातला सहावा अध्याय, वचनं 4 ते 6 घ्या. ज्यांना एकदा प्रकाश मिळाला, ज्यांनी स्वर्गीय दानाची चव घेतली, जे पवित्र आत्म्याचे भागीदार झाले, ते पतित झाले तर त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणं अशक्य आहे, असं तिथे आहे. कॅल्विनच्या वळणाचा, म्हणजे खरा विश्वासणारा तारण गमावत नाही असं मानणारा पाळक आधी योहान 10:28 उघडतो: माझ्या हातून त्यांना कोणी हिसकावून घेणार नाही. त्याच्या लेखी हे स्पष्ट. मग इब्रीतले लोक खरे विश्वासणारे नव्हतेच, मंडळीत बसून चव घेऊन गेलेले, असा अर्थ बहुतेक वेळा निघतो. तारण गमावता येतं असं मानणारा मेथडिस्ट पाळक 2 पेत्र 2:20 उघडतो. जगाच्या घाणीतून सुटलेले लोक पुन्हा तिच्यात गुंतले, तर त्यांची शेवटची दशा पहिलीपेक्षा वाईट होते. त्याच्या लेखी हे स्पष्ट. म्हणजे पडलेले लोक खरेच विश्वासी होते, आणि इशाराही खराच आहे. योहान 10 त्यालाही पाठ असतं, पण त्याची नजर एक वचन आधी थांबते: माझी मेंढरे माझी वाणी ऐकतात. ऐकणं सोडलं तर? दोघेही तोच नियम पाळताहेत, आणि प्रामाणिकपणे पाळताहेत.

कॅथलिक वाचन आपल्या प्रोटेस्टंट वर्गात धड कुणी सांगत नाही, म्हणून थोडं लांबवते. 250च्या सुमारास सम्राट डेसियसच्या छळात अनेकांनी विश्वास नाकारला आणि छळ ओसरल्यावर परत यायचं म्हटलं. नोव्हाशियन या रोममधल्या कडक पाळकाच्या गटानं त्यांना दार लावलं. हा गट पुढेही टिकला. चौथ्या शतकात मिलानचे बिशप अँब्रोज यांनी त्याला उत्तर देताना म्हटलं की इब्रीतलं ते ‘अशक्य’ दुसऱ्या बाप्तिस्म्याबद्दल आहे, पश्चात्तापाची वाट बंद नाही. म्हणजे कॅथलिक माणसासाठी ‘स्पष्ट’ गोष्ट दर वेळी एखादं वचनच असेल असं नाही, मंडळीत चालत आलेली रीतही असते. हे लक्षात न घेता त्याच्याशी वाद घातला तर दोघांचाही घसा बसतो, बस.

म्हणून वहीत उभी रेघ मारा. डावीकडे परंपरा, उजवीकडे ती पहिल्यांदा कोणतं पान उघडते ते. अर्थ नंतर लिहा. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

नागपुरातल्या सदर भागातल्या एका घरगुती प्रार्थनासभेत एका मावशींनी सहाव्या वचनावर बोट ठेवून मला विचारलं, “ताई, माझा पोरगा चर्च सोडून बसला. त्याचं आता काहीच नाही होत काय?” त्या घडीला कॅल्विन आणि मेथडिस्ट ज्याच्या वळणानं जातात तो आर्मिनियस, दोघेही बिनकामाचे. आम्ही पुढे वाचत गेलो. सात-आठमध्ये पाऊस पिणारी जमीन येते, आणि नऊमध्ये लेखक वाचकांना ‘प्रियजनहो’ म्हणून सांगतो की तुमच्याबद्दल आम्हाला याहून चांगल्याची खात्री आहे. मावशी म्हणाल्या, “हे तं कोणी वाचूनच नाही दाखवलं बाप्पा.” घाबरलेली माणसं सहावर थांबतात. तुम्ही थांबू नका.

यूट्यूबवरच्या ‘पाच मिनिटांत उत्तर’वाल्यांबद्दल माझं मत वाईट आहे आणि ते बदलायचं नाही. पानाखाली टीपा असलेलं बायबल वापरा, पण टीप लिहिणारा कुठल्या परंपरेतला ते आधी बघा. टीप वचनाच्या इतकी खेटून छापलेली असते की तीही वचनच वाटायला लागते. गुरू निवडताना त्यांना विरुद्ध बाजू मांडायला सांगा. ती बाजू ऐकून त्या बाजूचा माणूस “हो, हेच आमचं म्हणणं” म्हणेल, तर तिथेच शिका. चिडले तर दुसरे बघा, मग ते कितीही मोठे असोत.

नागपुरात असण्याचा एक फायदा आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया याच शहरात स्थापन झालं. अँग्लिकन, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रदरेन अशा सहा प्रवाहांची मंडळी एकत्र आली. बाळांचा बाप्तिस्मा आणि कळत्या वयातला बाप्तिस्मा, दोन्ही एकाच चर्चमध्ये मान्य झाले. शिवाय सेमिनरी हिल्सवर कॅथलिकांची सेंट चार्ल्स सेमिनरी आहे. पुस्तकात शोधत बसण्यापेक्षा वेगळ्या परंपरेच्या माणसाला भेटून विचारा. बहुतेक जण आनंदानं सांगतात, चहाही पाजतात.

सरावाला याकोब 2 आणि पौलाचं रोमकरांस 4 शेजारी ठेवा: पौल म्हणतो माणूस विश्वासानं नीतिमान ठरतो, याकोब म्हणतो कृत्यांनीही. पौल आणि याकोब दोघेही उत्पत्ती 15:6 उद्धृत करतात. पण याकोब ते वाक्य इसहाकाच्या अर्पणाशी, म्हणजे उत्पत्ती 22शी जोडतो. प्रोटेस्टंट सुधारणा सुरू करणाऱ्या ल्यूथरनं 1522 मध्ये याकोबाच्या पत्राला गवताच्या काडीचं, म्हणजे हलकं पत्र म्हटलं होतं. नीतिमान ठरण्यावरून शतकानुशतकं भांडून लुथरन आणि कॅथलिकांनी 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्गमध्ये संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. तेव्हा तुम्हाला एका सत्रात समजलं नाही तर रडू नका.

प्रकटीकरण 20, म्हणजे हजार वर्षांच्या राज्याचा अध्याय, पहिल्या वर्षी नको. स्त्रीनं शिकवू नये असं सांगणाऱ्या 1 तीमथ्य 2:12 चीही घाई नको. आधी 1 करिंथ 11:5 वाचा, तिथे बाया प्रार्थना करताना आणि संदेश देताना दिसतात. मग दोन्ही वचनं वहीत त्याच उभ्या रेघेच्या दोन बाजूंना मांडा. लगेच निकाल मागणारा कुणी ना कुणी भेटेलच. त्याला पुढच्या रविवारी या म्हणा.