यूकेत नवीन आलात आणि मन टू-सीटर कन्व्हर्टिबलवर बसलंय?

दर मे महिन्यात हेच होतं. नव्या नोकरीचं प्रोबेशन संपलेलं असतं, दोन दिवस लख्ख ऊन पडतं आणि तीन-चार हजार पौंडांत उघड्या टपाची माझ्दा एमएक्स-५ जाहिरातीत दिसते. एवढ्या पैशांत स्पोर्ट्‌स कार म्हटल्यावर कोणाचाही जीव वर-खाली होणारच. गाडी उत्तमच आहे. पण आपली मंडळी ती बघायला जातात आणि मायलेज, सीट, म्युझिक सिस्टिम बघून परत येतात. खाली वाकून कोणी बघत नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण पैसे बुडतात ते तिथेच.

आधी लायसन्स. इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते. ते इथे बदलून मिळत नाही. प्रोव्हिजनल (शिकाऊ लायसन्स), थिअरी, प्रॅक्टिकल सगळं नव्याने करायचं, आणि टेस्टची तारीख लवकर मिळत नाही, म्हणून प्रोव्हिजनलचा अर्ज पहिल्या दोन-तीन महिन्यांत टाका. भारतीय लायसन्सवर टू-सीटरचा इन्शुरन्स प्रीमियम कधीकधी गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो. तिकडचा नो-क्लेम बोनस बहुतेक कंपन्या धरत नाहीत. तेव्हा जाहिरातीत दिसणारा गाडीचा नंबर टाकून इन्शुरन्सचा कोट काढा, आकडा झेपला तरच गाडी बघायला जा. हा क्रम उलटा करू नका.

फॉर्ममध्ये ‘फुल यूके लायसन्स’ निवडून प्रीमियम पाडणारे महाभाग आपल्यात आहेत आणि ते व्हॉट्सॲपवर इतरांनाही शहाणं करत असतात. खोटी माहिती उघड झाली की कंपनी पॉलिसी रद्द करू शकते, क्लेम नाकारू शकते. इन्शुरन्सशिवाय गाडी चालवताना सापडलात तर ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर ६ पेनल्टी पॉइंट. टेस्ट पास होऊन दोन वर्षं झालेली नसतील तर ६ पॉइंटला लायसन्सच जातं, थिअरीपासून पुन्हा सुरुवात. आधीच्या मालकाने बदललेली चाकं, एक्झॉस्टसुद्धा कंपनीला कळवावी लागतात.

घरात लहान मूल आहे आणि ही एकमेव गाडी असणार आहे? मग नको. एअरबॅग चालू असलेल्या सीटवर मागे तोंड करून बसवायची बेबी सीट लावणं बेकायदा आहे, आणि या गाडीला दुसरी सीट तेवढी एकच. डिकी पिढीनुसार साधारण १२५ ते १५० लिटर. हीथ्रोवर आई-बाबा २३-२३ किलोच्या बॅगा घेऊन उतरतील तेव्हा टॅक्सीच करावी लागेल.

आता गंज. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. ते चिखलाबरोबर गाडीच्या पोटाला चिकटतं आणि गंज वाळवीसारखा आतून खात जातो. बाहेर रंगाला चार फुगे आले म्हणजे आत पोकळी झाली असं समजा. पहिल्या दोन पिढ्यांच्या एमएक्स-५ मध्ये (१९८९ ते २००५) पहिली जागा म्हणजे दाराखालच्या सिलचं (पत्र्याच्या लांब पोकळ पट्टीचं) मागचं टोक, मागच्या चाकाच्या लगेच पुढचं. छताच्या मागे साचणारं पाणी दोन बाजूंच्या निचऱ्याच्या नळ्यांतून खाली जायला हवं. पानं-माती अडकून नळी तुंबली की ते गाडीच्या आत आणि सिलमध्ये उतरतं. दुसरी जागा खास दुसऱ्या पिढीची (१९९८ ते २००५): पुढच्या चेसिस रेल्स, म्हणजे गाडीच्या पोटाखालचे सांगाड्याचे लांब दांडे. तिथे पत्र्याचे दोन थर आहेत, गंज मधल्या फटीत सुरू होतो आणि बाहेर दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

जाताना टॉर्च, जुनी चटई आणि फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक न्या. सिलवर चुंबक धरत नसेल तर आत पत्रा नाही, पुट्टी आहे. सिलच्या खालच्या कडेला अंगठ्याने जोरात दाबा, कुरकुर आवाज आला की निरोप घ्या. पोटाला ताजा काळा अंडरसील (गंजरोधक लेप) फासलेला दिसला तर खूश होऊ नका, आधी काय झाकलंय ते विचारा आणि काम करतानाचे फोटो मागा. सस्पेन्शन किंवा सीटबेल्ट जिथे बसतो त्याच्या ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा कमकुवत झाला असेल तर गाडी एमओटीत (दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीत) नापास होते. ‘वेल्डिंग करून घेऊ’ हे वाक्य फार स्वस्तात बोललं जातं. दोन्ही सिल आणि रेल्स मिळून बिल हजार पौंडांच्या पलीकडे सहज जातं, आणि चार हजारांच्या गाडीवर ते परत मिळत नाही. तेव्हा सांगतो, १ लाख २० हजार मैल चाललेली पण पत्रा कोरा असलेली गाडी घ्या, ४० हजार मैलांची गंजकी नको. इंजिन त्या पत्र्यापेक्षा कितीतरी चिवट आहे. जपानहून आयात झालेली ‘युनोस’ (तिकडे जुनी एमएक्स-५ याच नावाने विकली जायची) पत्र्याच्या दृष्टीने अनेकदा उजवी ठरते, फक्त इन्शुरन्सवाल्याला आयात गाडी असल्याचं सांगा.

सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकला की एमओटीचा इतिहास फुकट दिसतो. पास-नापास सोडा, ‘ॲडव्हायझरी’ म्हणजे तपासणाऱ्याने लिहिलेल्या सूचना वाचा. तीन वर्षं ‘सिलला गंज’ लिहिलंय आणि यंदा अचानक काहीच नाही, तर वेल्डिंगची पावती मागा.

छत पावसाळी दिवशीच बघा. दोन्ही सीटमागचं कार्पेट उचलून हात फिरवा, ओल लागली की नळ्या तुंबल्यात किंवा कापड गेलंय. नवं छत बसवणावळीसकट पाचशेपासून हजारापर्यंत. मागची खिडकी प्लास्टिकची असेल तर थंडीत दुमडू नका, तडकते. पहिल्या दोन पिढ्यांत बॅटरी डिकीत असते, तिला बाहेर वायू सोडणारी नळी हवी. स्वस्तातली चुकीची बॅटरी बसवली की ॲसिडने डिकीचा पत्रा खाल्लाच.

बाकी गाड्यांची नावं थोडक्यात. जुनी पोर्शे बॉक्स्टर (९८६) स्वस्त दिसते, पण तिच्या इंजिनातल्या आयएमएस बेअरिंगचं काय झालंय याची पावती नसेल तर हात लावू नका. तिसऱ्या पिढीच्या टोयोटा एमआर२ मध्ये प्री-कॅटचे (एक्झॉस्टमधल्या छोट्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे) तुकडे इंजिनात ओढले जाऊ शकतात. २३ मार्च २००६ ते ३१ मार्च २०१७ या काळात नोंदलेल्या आणि किलोमीटरला २२५ ग्रॅमच्या वर कार्बन सोडणाऱ्या गाडीचा रोड टॅक्स वर्षाला सातशे पौंडांच्या वर जातो. लंडनमध्ये राहत असाल तर यूलेझ (कमी प्रदूषणाचा विभाग) तपासा, त्याच्या नियमांत न बसणाऱ्या गाडीला दिवसाला १२.५० पौंड.

डीलरकडून घेतलेल्या गाडीत दोष निघाला तर ३० दिवसांत परत करता येते. खासगी विक्रेत्याकडे ही सोय नाही. इथले लोक नम्र असतात म्हणून प्रामाणिकच असतात असं नाही. काही पौंड खर्चून फायनान्स बाकी आहे का, गाडी कॅट एस किंवा कॅट एन (इन्शुरन्स कंपनीने एकदा ‘राइट-ऑफ’ केलेली) आहे का हे बघा. नोव्हेंबर ते जानेवारी भाव उतरतात, घासाघीस तेव्हा करा. हिवाळ्यात गाडी सॉर्न करून (म्हणजे ती रस्त्यावर आणणार नाही असं सरकारला कळवून) टॅक्स वाचवायचा असेल तर ती खासगी जागेतच उभी हवी, घरासमोरच्या रस्त्यावर नाही. व्ही५सी (गाडीचं नोंदणीपत्र) हा मालकीचा पुरावा नसतो, म्हणून सही केलेली पावती घ्या. आधीच्या मालकाचा टॅक्स तुमच्याकडे येत नाही. विक्रेता व्ही५सीतून फाडून देतो त्या हिरव्या चिठ्ठीवरच्या १२ आकड्यांनी तिथेच उभं राहून फोनवर टॅक्स भरा, इन्शुरन्स सुरू झाल्याचा ईमेल बघा आणि मगच किल्ली फिरवा.